दोन वर्षांचा बादशहा

इतिहासाच्या तासाला इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या पेटीतील चांदीचा एक रुपया वर्गात आणला. तो निजामाच्या राजवटीतील हाली सिक्का होता. त्याच्या एका बाजूस चारमिनारचे चित्र होते. तो हातोहात साऱ्या वर्गात फिरला आणि शेवटी आमच्या मेजावर आला. तेव्हा त्या विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, नाण्यावर राजाचे नाव नसले तर काय बिघडते?”

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर आम्हांला एका वाक्यात देता येईना. कारण नाण्यावर कोणाचे नाव असावे एवढ्याच एका प्रश्नापायी एका राजपुत्राने आपले राज्य, आपली माणसे आणि अखेर आपला प्राण गमावला; आणि ही गोष्ट दूरदेशीची नसून आपल्याच गुलबर्गा-बीदरच्या परिसरातून, विजापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या वाटेवर घडलेली आहे. त्या राजपुत्राचे नाव कामबक्ष. औरंगजेब बादशहाचा तो सर्वांत धाकटा मुलगा. त्याची बादशाही पुरती दोन वर्षेही टिकली नाही. त्याने पाडलेले रुपये आज दुर्मिळ झाले आहेत. परंतु त्या रुपयांवरील चार शब्दांत त्याच्या साऱ्या आयुष्याची कहाणी साठविलेली आहे. तीच या वर्षीच्या अंकात आमच्या विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना सांगावी असे आम्ही योजिले आहे.

आमचे मूळ घर समुद्रकाठचे, मायबोली कोकणी. तेथे देवघराच्या तबकात पोर्तुगीज अमदानीतील एक रुपया असे आणि त्यावर पोर्तुगालच्या राजाचा मुखवटा होता. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर राजाचा चेहरा असतोच, अशी लहानपणी आमची समजूत होती. प्राचीन रोमन नाण्यांची रीतही तीच. रोमच्या इतिहासात इ. स. ६९ हे वर्ष फार अस्थिर गेले. त्या एका वर्षात चार सम्राट झाले. त्यांपैकी ओथो हा जेमतेम तीन महिने सिंहासनावर होता. तेवढ्या अवधीतही त्याने आपल्या चेहऱ्याची नाणी पाडून घेतली आणि त्यांच्या मागील बाजूस रोमन जनतेची सुरक्षितता अशा अर्थाचे शब्द कोरविले. ज्या वर्षी रोममध्ये कोणीच सुरक्षित नव्हते, त्या वर्षीचे हे शब्द आहेत! नाणे हे राजाच्या सत्तेचे जसे चिन्ह असते, तसे ते कित्येकदा त्याच्या मनातील भीतीचेही चिन्ह असते, हे यावरून ध्यानात येईल.

मोगलांच्या नाण्यांवर चेहरा क्वचितच येई. तेथे अक्षरांना मान होता. एका बाजूस बादशहाचे नाव, तेही बहुधा फारसी पद्याच्या दोन चरणांत गुंफलेले. दुसऱ्या बाजूस टांकसाळीचे नाव आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष. शुक्रवारच्या नमाजात ज्याच्या नावाने खुतबा वाचला जाई आणि टांकसाळीत ज्याच्या नावाचा ठसा चाले, तोच बादशहा. खुतबा आणि सिक्का ही राजसत्तेची दोन अंगे मानली जात. यांपैकी खुतबा मशिदीत जमलेल्यांच्याच कानी पडे. सिक्का मात्र बाजारात, शेतात, छावणीत, वाण्याच्या दुकानात आणि गृहिणीच्या गाठोड्यात जाऊन पोहोचे. म्हणूनच नवा राजा गादीवर बसताच प्रथम टांकसाळीकडे वळे.

बालपण व शिक्षण

कामबक्षाचा जन्म इ. स. १६६७ मध्ये दिल्लीस झाला. त्या वेळी औरंगजेबाचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. महंमद सुलतान, मुअज्जम, आजम आणि अकबर हे चार वडील मुलगे झाल्यानंतरचा हा पाचवा मुलगा. त्याची आई उदेपुरी महल ही बादशहाच्या उतारवयातील आवडती बेगम होती. उतारवयातील मुलावर बापाची माया अधिक असते, असा सर्वत्र अनुभव आहे. औरंगजेबासारखा कठोर पुरुषही त्यास अपवाद नव्हता. ज्या बापाने वडील मुलाला वर्षानुवर्षे कैदेत ठेवले, दुसऱ्या मुलाला म्हणजे मुअज्जमालाही सात-आठ वर्षे नजरकैदेत घातले, तोच बाप या धाकट्याचे अपराध पुनःपुन्हा पोटात घालीत राहिला.

कामबक्ष बुद्धीने मंद नव्हता. त्याने कुराण मुखोद्गत केले होते. तुर्की भाषेचे त्याला चांगले ज्ञान होते आणि सुलेखनाच्या अनेक शैली त्याने हस्तगत केल्या होत्या. ज्याचे अक्षर सुंदर, त्याला आपल्या नाण्यावरील अक्षरांचा अभिमान वाटावा यात नवल नाही. परंतु विद्या आणि विवेक या दोन वस्तू निराळ्या आहेत. माणसे ओळखणे, त्यांच्यावर विश्वास टाकणे आणि टाकलेला विश्वास निभावणे हे शिक्षण त्याला मिळाले नाही. ज्या घरात भाऊ भावाचा शत्रू म्हणूनच वाढतो आणि बाप मुलांच्या मागे हेर ठेवतो, त्या घरात असले शिक्षण मिळणार तरी कोठून?

जिंजीचा धडा

इ. स. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला, तो पुन्हा उत्तरेस गेला नाही. त्याने १६८६ मध्ये विजापूर घेतले व १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला. बीदर आणि कल्याणी हे आपल्या परिसरातील दोन किल्ले तर त्याने शाहजादा असतानाच, १६५७ मध्ये जिंकले होते. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला. पाठोपाठ छत्रपती राजाराम महाराज दूर कर्नाटकातील जिंजीच्या किल्ल्यात गेले आणि तेथून मराठ्यांचा स्वातंत्र्यलढा चालू राहिला. जिंजीचा वेढा सुमारे आठ वर्षे चालला. वजीर असदखान आणि त्याचा मुलगा झुल्फिकारखान हे मोगलांचे तेथील मुख्य सरदार. १६९१ च्या अखेरीस बादशहाने कामबक्षाला या वेढ्यावर धाडले. त्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता.

तेथे जे घडले त्याची छाया त्याच्या अवघ्या आयुष्यावर पडली. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे व धनाजी जाधव या दोघा वीरांनी मोगलांच्या वेढ्यावरच झडप घातली. रसद तुटली, टपाल बंद झाले. बादशहा वारला, अशी वावडी छावणीत उठली. कामबक्षाने गुप्तपणे राजाराम महाराजांशी संधान बांधले होते. बाप गेला तर असदखान व झुल्फिकारखान आपणांस पकडून वडील भावाच्या हवाली करतील, ही त्याला धास्ती होती. त्या दोघांना ही गुप्त बोलणी कळली तेव्हा त्यांनी शाहजाद्यालाच त्याच्या तंबूत कैद केले. पुढे १६९३ मध्ये त्याला कृष्णाकाठी गलगले येथील छावणीत बापापुढे नेण्यात आले. बहीण झीनतुन्निसा हिने मध्यस्थी केली आणि बापाने मुलाला क्षमा केली.

क्षमा झाली खरी. पण या प्रसंगाने कामबक्षाच्या मनात दोन काटे कायमचे रुतले. आपल्या भोवतीची माणसे केव्हाही आपणांस धरून देतील हा संशय, हा पहिला काटा. दुसरा काटा झुल्फिकारखानाच्या वैराचा. या दोन्ही काट्यांनी सोळा वर्षांनंतर हैदराबादेच्या मैदानात त्याचा घात केला.

बापाची अखेर

इ. स. १७०७ च्या आरंभी औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत अंथरुणाला खिळला होता. वय अठ्ठ्याऐंशी. पंचवीस वर्षांची दक्षिणेतील मोहीम निष्फळ ठरलेली, खजिना रिता, फौज थकलेली. आपल्या पाठीमागे मुले एकमेकांचे गळे कापतील, हे त्याला स्पष्ट दिसत होते. कारण त्यानेही आपल्या भावांचे तेच केले होते. मुअज्जम दूर काबूलकडे होता. आजम जवळच होता आणि धाकट्या भावाकडे त्याची नजर चांगली नव्हती. म्हणून मरणापूर्वी काही दिवस बादशहाने दोघांना वेगळे केले. आजमाला माळव्याकडे जाण्याची आज्ञा झाली. कामबक्षाला विजापूरची सुभेदारी देऊन अहसनखान नावाच्या कर्तबगार सरदारासह दक्षिणेकडे रवाना करण्यात आले. या धाकट्याला जगविण्याची ती म्हाताऱ्या बापाची शेवटची धडपड होती.

३ मार्च १७०७ रोजी बादशहा वारला. खुलताबाद येथे साध्या कबरीत त्याला पुरले. काही महिन्यांतच उदेपुरी महलही निवर्तली. कामबक्षाला बापाच्या मृत्यूची वार्ता वाटेतच समजली आणि त्याच्यासोबतच्या फौजेतील एक मोठा सरदार आपली माणसे घेऊन तडक आजमाकडे निघून गेला. नवा राजा अद्याप गादीवर बसलाही नव्हता, तोच त्याची फौज गळू लागली होती.

तीन भाऊ, तीन नाणी

विजापूरच्या किल्लेदाराने प्रथम दरवाजे बंद ठेवले, वाटाघाटीनंतर उघडले. कामबक्ष आत शिरला आणि त्याने स्वतःस बादशहा म्हणून जाहीर केले. दीनपनाह, म्हणजे धर्माचा आश्रय, असा किताब त्याने धारण केला. त्याने गुलबर्गा घेतले, वाकिणखेड्याचा परिसर घेतला आणि अहसनखानाने पूर्वेकडे फौज चालविली. पुढे हैदराबादचा सुभेदार रुस्तुमदिलखान यानेही शहर त्याच्या स्वाधीन केले. विजापूर, हैदराबाद आणि अहसनाबाद येथील टांकसाळींत नव्या बादशहाचे रुपये पडू लागले. अहसनाबाद हे आपल्या गुलबर्ग्याचे बहमनी काळापासूनचे दुसरे नाव. आजच्या कलबुरगीच्या बाजारात, सवातीनशे वर्षांपूर्वी, ही करकरीत नाणी खणखणत होती.

येथे थोडे थांबून ते नाणे आपण डोळ्यांपुढे आणू. चांदीचा रुपया, वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम. हाताने घाव घालून पाडलेला. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, म्हणून प्रत्येक रुपयावर मजकुराचा काही भाग कडेबाहेर निसटलेला असतो. एका बाजूचे पद्य सांगते की, दीनपनाह बादशहा कामबक्ष याने दख्खनमध्ये सूर्य आणि चंद्र यांवर आपला शिक्का उमटविला. सूर्य म्हणजे सोन्याची मोहर, चंद्र म्हणजे चांदीचा रुपया. औरंगजेबाच्या नाण्यांवरही ही सूर्यचंद्रांची उपमा होती. तीच बापाची उपमा मुलाने उचलली; पण तिच्या आधी दख्खन हा शब्द घातला.

हा एक शब्द फार बोलका आहे. त्याच सुमारास अहमदनगरात आजमानेही स्वतःस बादशहा म्हणविले होते. त्याच्या नाण्यावर जगामध्ये शिक्का मारल्याची भाषा होती. तो जग मागत होता. जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजौच्या रणांगणात मुअज्जमाशी लढताना तो मारला गेला आणि त्याची बादशाही साडेतीन महिन्यांतच आटोपली. वाटेत त्याने शाहू महाराजांना मोकळे केले होते, हेही या प्रसंगी स्मरणात ठेवावे. विजयी झालेला मुअज्जम बहादूरशहा या नावाने गादीवर बसला. त्याने आपल्या नाण्यांवर पद्य घातलेच नाही. नुसते नाव आणि पदवी एवढाच साधा मजकूर ठेवला. एकाने जग म्हटले, एकाने दख्खन म्हटले आणि ज्याने काहीच म्हटले नाही तोच टिकला!

तथापि नाण्याचा मान केवळ ठशावर अवलंबून नसतो. त्या काळी सराफ प्रत्येक नाणे पारखून घेत आणि चालू सालाच्या शिक्क्यापेक्षा जुन्या शिक्क्याला बट्टा लावीत. ज्या राजाचे राज्य उद्या राहील की नाही याची शंका, त्याच्या रुपयाकडे बाजार त्याच नजरेने पाहतो. चांदी तीच, वजन तेच, पण भरवसा नसेल तर तो रुपया घेणाऱ्याचा हात कचरतो.

भावाचे पत्र

बहादूरशहा स्वभावाने सौम्य होता. भावाशी लढण्याची त्याला हौस नव्हती. त्याने कामबक्षाला पत्र पाठविले. पत्राचा आशय असा होता की, वडिलांनी तुला विजापूर दिले होते. आम्ही विजापूर आणि हैदराबाद हे दोन्ही सुभे तुला देतो. पूर्वीचे सुभेदार जी पेशकश भरीत तीही माफ करतो. अट एवढीच की खुतबा आणि सिक्का आमच्या नावाचा असावा.

विद्यार्थिमित्रहो, हा देकार किती मोठा होता याचा विचार करा. दोन समृद्ध राज्यांचा मुलूख, त्याचा सारा वसूल, घरचे वैभव, मुलाबाळांची सुरक्षितता हे सर्व हातात ठेवावयाचे आणि बदल्यात केवळ रुपयावरील नाव बदलावयाचे. परंतु कामबक्षाने तो मानला नाही. आम्हांला त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहावेसे वाटते. जन्मभर तो कोणाचा तरी धाकटा होता; बापाच्या मर्जीवर जगत होता. प्रथमच एक वस्तू केवळ त्याच्या नावाची झाली होती आणि ती त्या रुपयावरची अक्षरे. ती पुसणे म्हणजे पुन्हा कोणीच नसणे, असे त्याला वाटले असावे. त्यात ज्योतिष्यांनी विजय तुमचाच असे भविष्य वर्तविलेले. मनुष्याला जे ऐकावयाचे असते, ते सांगणारे त्याला नेहमीच मिळतात.

संशयाचे विष

दरम्यान हैदराबादेत अत्यंत दुःखद प्रकार घडत होते. तकर्रुबखान हा कामबक्षाचा वजीर आणि अहसनखान हा त्याचा सेनापती. दोघांत वैमनस्य होते. अहसनखान, रुस्तुमदिलखान आणि त्यांचे काही स्नेही सरदार एकमेकांच्या घरी जमून राज्यकारभाराविषयी बोलत असत. शुक्रवारच्या नमाजास जाताना तुम्हांला पकडण्याचा यांचा बेत आहे, असे वजिराने राजाच्या कानी घातले. जिंजीचा जुना काटा पुन्हा सलला. चौकशी नाही, पुरावा नाही. ज्याने आपण होऊन हैदराबाद शहर हवाली केले होते त्या रुस्तुमदिलखानाला हत्तीच्या पायी देण्यात आले. इतरांना क्रूर शिक्षा झाल्या. अहसनखानाला कैदेत टाकून हालहाल करण्यात आले आणि त्यातच तो मेला. बापाने मरणापूर्वी मुलाच्या रक्षणासाठी जो माणूस दिला होता, त्यालाच मुलाने मारले.

एवढ्यावर भागले नाही. बहादूरशहाकडून आलेल्या वकिलाच्या परिवारातील माणसांवरही असाच आळ आला आणि त्यांपैकी अनेकांचे प्राण गेले. वकिलाला कोणी मारीत नाही, हा सर्व देशांतील जुना संकेत आहे. तो मोडला गेल्यावर समेटाची वाट बंद झाली.

यापुढे कोण त्याची चाकरी करणार? पगार थकलेले, सरदार भयभीत, आज कोणाची पाळी आणि उद्या कोणाची याचा नेम नाही. शिपाई रात्री-अपरात्री छावणी सोडून जाऊ लागले. नाण्यावर सूर्य आणि चंद्र होते, पण ते नाणे शिपायाच्या हाती पडत नव्हते.

हैदराबादचे मैदान

बहादूरशहाची प्रचंड फौज दक्षिणेत उतरली. मे १७०८ मध्ये तिने नर्मदा ओलांडली. याच फौजेबरोबर गुरू गोविंदसिंह दक्षिणेत आले होते. नांदेड येथे त्यांच्यावर घातकी हल्ला झाला आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये ते निजधामास गेले. नांदेडच्या हुजूरसाहेबास जाणाऱ्या आपल्या बीदरकडील यात्रेकरूंनी हे लक्षात ठेवावे की, त्या पवित्र स्थानाचा इतिहास कामबक्षाच्या या दुर्दैवी कथेशी असा एका धाग्याने जोडलेला आहे. गुरूंच्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंह हे तर बीदरचेच.

शाहू महाराजांनीही बादशहाच्या बोलावण्यावरून नेमाजी शिंदे यांस पथकासह या मोहिमेत पाठविले. ज्या कामबक्षाने एके काळी राजाराम महाराजांशी गुप्त बोलणी केली होती, त्याच्याविरुद्धच्या फौजेत आता मराठी पथक होते. राजकारणाची चक्रे अशी फिरत असतात.

जानेवारी १७०९ मध्ये दोन्ही भावांच्या फौजा हैदराबादेजवळ समोरासमोर आल्या. फौजा म्हणावयाचे ते एका बाजूसच. कारण कामबक्षापाशी त्या दिवशी काही शे स्वार उरले होते. भावाला जिवंत धरावे, मारू नये, अशी बादशहाची इच्छा होती. परंतु आघाडीवर झुल्फिकारखान होता. जिंजीचे वैर तो विसरला नव्हता. तो पुढे सरसावला आणि लढाई जुंपली.

येथे मात्र कामबक्षाची एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. तो पळाला नाही. हत्तीवर बसून तो बाण सोडीत राहिला. भाते रिते झाले, अंगावर जखमांवर जखमा झाल्या, रक्त वाहून त्याला भोवळ आली. तेव्हाच तो शत्रूच्या हाती सापडला. त्याचे मुलगेही पकडले गेले.

रात्री बहादूरशहा भावाच्या बिछान्यापाशी आला. त्याने आपल्या हाताने त्याच्या जखमा पुसल्या, अंगावर पांघरूण घातले आणि आग्रह करून दोन घास भरविले. तुला या अवस्थेत पाहण्याची आमची इच्छा नव्हती, असे तो म्हणाला. तैमूरच्या वंशातला पुरुष भ्याडपणे पकडला गेला असे कोणी म्हणू नये, एवढीच आमचीही इच्छा होती, अशा आशयाचे उत्तर धाकट्याने दिले. दुसऱ्या दिवशी त्याची प्राणज्योत मालवली. वय एक्केचाळीस. जो देकार पत्राने पोहोचला नाही, तो पाण्याच्या भांड्याने पोहोचला. पण फार उशिरा.

त्याचा देह दिल्लीस नेऊन हुमायूनच्या मकबऱ्यात पुरला. हुमायूनने वसविलेल्या नगरीचे नाव दीनपनाह होते. आपल्या नाण्यांवर दीनपनाह म्हणविणारा कामबक्ष त्याच नगरीच्या परिसरात कायमचा विसावला. त्याच्या नावाचा अर्थ इच्छा पुरविणारा असा होतो. त्याची स्वतःची इच्छा तेवढी अपुरी राहिली.

पुढे काय झाले?

कथा येथे संपत नाही. पन्नास वर्षांनंतर, डिसेंबर १७५९ मध्ये, दिल्लीच्या वजिराने आलमगीर दुसरा या बादशहाचा खून करवून कामबक्षाच्या एका नातवाला गादीवर बसविले. तिसरा शाहजहान या नावाने त्याचीही नाणी पडली. त्याची कारकीर्द वर्षभरही टिकली नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ पेशवे यांनी दिल्लीत त्यास दूर करून शाहआलम याच्या नावाची द्वाही फिरविली. तत्पूर्वी फौजेच्या खर्चाची निकड भागविण्यासाठी भाऊसाहेबांना दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले होते. आजोबाचे भाग्य दख्खनमध्ये ठरले, नातवाचे भाग्य दख्खनमधून गेलेल्या मराठ्यांनी ठरविले.

आता आठवीतल्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. नाण्यावर राजाचे नाव नसले तर काय बिघडते? त्याच्या आजीच्या पेटीतील हाली रुपयाच या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. इ. स. १७२४ मध्ये निजामुल्मुल्क हा दख्खनचा स्वतंत्र सत्ताधीश झाला. कामबक्षाला जो मुलूख देऊ केला होता, तोही त्याच्या हाती आला. परंतु त्याने आपल्या नावाचे नाणे पाडण्याचा हट्ट धरला नाही. तो व त्याचे वंशज दिल्लीच्या बादशहाच्याच नावाने रुपये पाडीत राहिले, ते थेट १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही नाहीशी होईपर्यंत. नाव दुसऱ्याचे, राज्य आपले. ते राज्य १९४८ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षे चालले. जी अट कामबक्षाला असह्य झाली, तीच पाळून दुसऱ्याने घराणे उभे केले.

परंतु एवढ्यावरून नावाला काही किंमतच नाही, असे कोणी समजू नये. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी आपल्या नावाचा सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराई चालविली. ती शिवराई पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ रयतेच्या हातात खेळत राहिली. का? त्या नावामागे किल्ले होते, शिस्त होती, वेळेवर मिळणारा पगार होता आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसांचा विश्वास होता. तेथे विश्वास आधी आला आणि नाणे नंतर. कामबक्षाने नाणे आधी पाडले आणि विश्वास मिळविण्याऐवजी जो होता तोही आपल्या हाताने मोडून टाकला.

आम्हांला वाटते, या दुर्दैवी राजपुत्राला केवळ दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. तो मूर्ख नव्हता, भित्राही नव्हता. संशयाच्या घरात जन्मला, संशयात वाढला आणि संशयानेच संपला. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो की, भावाभावांत किंवा मित्रामित्रांत वाटणीचा, मानाचा, नावाचा प्रश्न उभा राहतो. पाटी कोणाच्या नावाची, सातबाऱ्यावर पहिले नाव कोणाचे, निमंत्रणपत्रिकेत आधी कोण? अशा वेळी समोरून समेटाचे पत्र आले तर ते नीट वाचावे. दुसऱ्या दिवशी जखमा पुसण्यापेक्षा आदल्या दिवशी पत्राचे उत्तर देणे केव्हाही सोपे असते.

तो हाली रुपया आम्ही त्या विद्यार्थ्याला परत दिला आणि आजीच्या हाती सांभाळून ठेवण्यास सांगितले. आमच्या वाचकांच्या घरीही जुन्या पेट्यांतून, देव्हाऱ्यांतून अशी नाणी पडलेली असतील. ती घासून लख्ख करू नयेत. त्याने अक्षरे झिजतात. सोनाराकडे आटविण्यास तर मुळीच देऊ नयेत. सुट्टीच्या दिवशी घरातील वडील माणसांजवळ बसून त्यांवरची अक्षरे लावून पाहावीत. त्यांतले एखादे नाणे कोणा अल्पायुषी राजाचे असेल, एखादे दीर्घायुषी घराण्याचे असेल. दोन्ही आज सारख्याच स्वस्थपणे तळहातावर पडून राहतात.